दारापुढचें गटार कोणाचें?

मृगाचा पाऊस जवळ आला कीं मुंबईच्या गृहस्थाला छत्रीची आठवण होते. माळ्यावरची छत्री तो खालीं काढतो, मोडलेली काडी बसवून घेतो, कापड विरलें असल्यास बदलून घेतो. दारापुढच्या गटाराची आठवण मात्र त्याला गटार तुंबून पाणी उंबऱ्याला लागल्यावर होते. आठ महिने ज्याच्या शेजारून तो नाक दाबून गेला, तें त्या दिवशीं घरांत येऊन बसतें. आणि गुडघाभर पाण्यांत उभी राहून सारी वस्ती एकच प्रश्न विचारते : हें गटार साफ करण्याचें काम कोणाचें?

प्रश्न रास्त आहे. पण त्याची वेळ चुकलेली असते. भर पावसांत ह्या प्रश्नाचें उत्तर मिळालें तरी त्याचा उपयोग होत नाहीं. तो चैत्र-वैशाखांत, गटार कोरडें असतांना, शांतपणें विचारावयास हवा. शिवाय त्याचें उत्तर एका शब्दांत देण्याजोगें नाहीं. तें नीट समजून घ्यावयाचें तर एकादी वस्ती डोळ्यांपुढें ठेवावी लागते, आणि त्या कामीं मुंबईंतील अँटॉप हिलसारखी दुसरी वस्ती क्वचितच सांपडेल. येथें टेकडी आहे आणि टेकडीचा पायथाहि आहे. मिठागरें आहेत आणि त्यांच्यापलीकडे खाडी आहे. सरकारी वसाहत आहे आणि तिला लागूनच दाट झोपड्या आहेत. पाणी कोठून येतें, कोठें जातें आणि वाटेंत त्याला कोण अडवितें, हें सारें येथें एका दृष्टिक्षेपांत दिसतें.

माटुंगा आणि शीव मागें टाकून पूर्वेकडे निघालें कीं हार्बर रेल्वेच्या पलीकडे ही वस्ती लागते. तिच्या आजूबाजूचीं नांवें ऐकण्याजोगीं आहेत : कोकरी आगार, कोरबा मिठागर. आगर म्हणजे मिठाची शेती. आज जेथें घराला घर लागलेलें आहे, तेथें एके काळीं भरतीचें पाणी बांधून घेऊन उन्हांत आटवीत असत, ही गोष्ट इतिहासाचें पुस्तक न उघडतां नुसत्या नांवांवरून कळते. जमिनीचें रूप बदललें, पण तिची पातळी बदलली नाहीं. पाण्याला ती जुनी पातळी ठाऊक असते. दरवर्षीं तें आपल्या जुन्या घरीं परत येऊं पाहतें.

मिठागरावर राबणारा माणूस शाळेंत गेलेला नसला तरी पाण्याच्या शास्त्रांत पारंगत असे. बांध कोठें खचला, उघाडी कोठें गळते, चरांत गाळ किती बसला, ह्यावर त्याची रोजची नजर. कारण बांधाची एक फट बुजवावयाची राहिली तर साऱ्या हंगामाचें मीठ विरघळून जाई. पाण्याची वाट मोकळी ठेवणें हा त्याच्या लेखीं परोपकार नव्हता. ती त्याची भाकरी होती. पावसाळ्यांत मीठ पिकत नसे, तेव्हां तींच आगरें पसरट परातीसारखीं आभाळाचें पाणी झेलीत आणि भरती ओसरली कीं हळूहळू खाडींत सोडून देत. पुढें शहर वाढलें, परातींत भर पडली, भरीवर घरें उभीं राहिलीं. परात नाहींशी झाली. तिच्यांत मावणारें पाणी मात्र कमी झालें नाहीं. तें सारें रस्त्याच्या कडेच्या दोन फुटी गटारावर येऊन पडलें.

येथें आणखी एक भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि त्याच्या धास्तीनें १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टानें दादर, माटुंगा, शीव ह्या बाजूला नवी वस्ती आंखून बसविली. तेथें आधीं रस्ते आंखले, त्यांच्या खालीं पाण्याच्या वाटा घातल्या आणि मग घरांना जागा दिली. पूर्वेकडे असें झालें नाहीं. १९४७ नंतर शीव कोळीवाड्यांत निर्वासित आले. पुढें सरकारी नोकरांच्या वसाहती आल्या, संक्रमण शिबिरें आलीं, आणि ज्यांना शहरांत काम होतें पण जागा नव्हती अशा हजारों कुटुंबांनीं टेकडीच्या उतारावर आणि आगरांच्या कडेला आसरा घेतला. एकीकडे गटार आधीं आणि घर मागून. दुसरीकडे घर आधीं आणि गटार मागून, तेंहि जागा उरली असेल तर. त्या माणसांना दोष देण्याचें कारण नाहीं. परंतु निष्काळजीपणाची चूक माटुंग्याच्या रुंद रस्त्यावर कांहीं काळ खपून जाते, तीच अँटॉप हिलच्या अरुंद गल्लींत तासाभरांत घरांत शिरते, हें मात्र विसरून चालणार नाहीं.

आतां थोडें गणित मांडूं. तें चौथीच्या मुलालाहि जमेल असें आहे. एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी पडलें. तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस मुंबईला अपरिचित नाहीं. एका हेक्टर जागेवर, म्हणजे सुमारें अडीच एकरांवर, अशा एका तासांत पांच लाख लिटर पाणी पडतें. पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर एका लहानशा गल्लीच्या परिसरांत तासाभरांत पन्नास टँकर रिकामे केल्यासारखें झालें. माती असती तर तिनें त्यांतलें कांहीं प्यालें असतें. पण लादी, डांबर आणि पत्रे पाणी पीत नाहींत.

हें पाणी वाहून नेण्यास दोन फूट रुंद आणि दोन फूट खोल असें गटार आहे असें समजूं. त्यांत एक फूट गाळ बसला. पुष्कळांना वाटतें कीं निम्मा गाळ बसला तर निम्मी शक्ति शिल्लक राहिली. तसें होत नाहीं. उथळ पाण्याला तळाचें आणि कडांचें घर्षण अधिक जाणवतें, त्याचा वेग मंदावतो आणि गटार मूळच्या सुमारें दोन पंचमांशच पाणी नेऊं शकतें. त्यांत एक नारळाची करवंटी आणि चार प्लॅस्टिकच्या पिशव्या एकाद्या मोरीच्या तोंडाशीं अडकल्या म्हणजे उरलेला हिशेबहि संपला.

दुसरी अडचण समुद्राची. मुंबईचें पावसाचें पाणी ज्या मुखांतून समुद्रांत किंवा खाडींत पडतें, तीं १८६ मुखें मोजलेलीं आहेत. त्यांपैकीं ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याहि खालीं आहेत. १३५ सरासरी पातळीच्या वर, पण भरतीच्या पातळीखालीं आहेत. भरतीच्या वर राहणारीं अवघीं सहा. म्हणजे भरतीच्या वेळीं जोराचा पाऊस आला तर शहराचे बहुतेक दरवाजे बाहेरून बंद असतात. अशा वेळीं गटार हें वाहतें राहत नाहीं, तें हौद बनतें. ओहोटी लागेपर्यंत पाणी त्या हौदांतच थांबावयाचें असतें. गाळानें हौदांतील जागा आधींच व्यापली असेल, तर थांबावयास आलेलें पाणी रस्त्यावर आणि घरांत जागा शोधतें.

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई विसरणार नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशीं कुलाब्याला तो ७३ मिलिमीटरच्या आसपास होता. शेंकडों माणसें दगावलीं, आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या तापानें आणखी बळी घेतले. त्यानंतर माधवराव चितळे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सत्यशोधन समिति नेमली गेली. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला अवघ्या पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलेल्या होत्या; त्या पन्नासाच्या हिशेबानें वाढवाव्यात आणि आठ ठिकाणीं पंप बसवून भरतींतहि पाणी समुद्रांत लोटावें, ही १९९३ च्या अहवालांतील योजना मग खऱ्या अर्थानें हातीं घेण्यांत आली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलंड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध अशीं सहा केंद्रें २०१९ पर्यंत सुरू झालीं. शीव, माटुंगा, वडाळा ह्या बाजूला ज्याचा आधार व्हावयाचा तें माहुलचें केंद्र मात्र मिठागराच्या जागेच्या प्रश्नावर वर्षानुवर्षें अडून राहिलें. एका खात्याला जागा हवी होती, दुसऱ्या खात्याची ती होती, आणि गांधी मार्केटच्या दुकानांत दरवर्षीं पाणी शिरत होतें. जबाबदारी वांटली गेली म्हणजे काय होतें, ह्याचा ह्याहून बोलका दाखला नको.

९४४ मिलिमीटर पाऊस कोणत्याहि गटारानें वाहून नेला नसता, हें खरें आहे. तसे दिवस माणसाच्या आयुष्यांत एकदां येतात. परंतु वस्तींत पाणी शिरतें तें केवळ अशाच दिवशीं नव्हे. साठ-सत्तर मिलिमीटरच्या साध्या पावसांतहि तें शिरतें, आणि त्या वेळीं आभाळाकडे बोट दाखविणें प्रामाणिकपणाचें होत नाहीं. असाधारण पावसाचें निमित्त नेहमींच्या हयगयीला लावूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कायद्यानें गटार कोणाचें? मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा आहे. त्याच्या ६१ व्या कलमांत पालिकेनें अवश्य केलींच पाहिजेत अशीं कामें सांगितलीं आहेत, आणि गटारें बांधणें, तीं दुरुस्त ठेवणें आणि साफ करणें ह्यांचा उल्लेख त्यांत अगदीं आरंभीं आहे. तेव्हां रस्त्याच्या कडेचें सार्वजनिक गटार साफ ठेवणें हें पालिकेचें कर्तव्य आहे, ह्याविषयीं शंकेला जागा नाहीं. तें नागरिकांवर केलेले उपकार नव्हेत. त्यासाठीं कर घेतला जातो आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं गाळ काढण्याचीं कंत्राटें दिलीं जातात.

परंतु अँटॉप हिलच्या गटारांतलें पाणी सर्वस्वीं पालिकेच्या जमिनीवरून जात नाहीं. केंद्र सरकारच्या नोकरांच्या वसाहतीची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. वडाळ्याकडील कांहीं जमीन बंदराची. मिठागराची जमीन बव्हंशीं मीठ खात्याची. संक्रमण शिबिरें म्हाडाचीं. ट्रक टर्मिनलचा भाग महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा. आणि रुळांखालची मोरी रेल्वेची. नकाशावर ह्या सर्वांच्या हद्दी स्वच्छ रेघांनीं दाखविलेल्या असतात. पाण्याला ती रेघ दिसत नाहीं. एका धन्यानें आपल्या हद्दींतला नाला आरशासारखा लख्ख केला आणि पुढच्या धन्यानें आपली मोरी तशीच ठेवली, तर पहिल्याच्या कष्टाचें पाणी मोरीपाशीं थांबून मागें फिरतें. म्हणून नाल्याची सफाई खाडीच्या मुखापासून सुरू करून वर टेकडीकडे यावयास हवी, आणि ती सर्व धन्यांनीं एकाच पंधरवड्यांत करावयास हवी. खालचें तोंड बंद ठेवून वरचें गटार साफ करणें म्हणजे झाडून काढलेला केर दाराआड सारण्यासारखें आहे.

इतकें झालें सरकारी धन्यांचें. आतां गटार तुंबतें कसें तें पाहूं. तें एका दिवसांत तुंबत नाहीं. प्रथम दुकानदार गिऱ्हाइकाच्या सोयीसाठीं गटारावर फळी टाकतो. फळी कुजते म्हणून तिच्या जागीं लादी येते. लादीवर ओटा होतो, ओट्यावर पायरी, पायरीला सिमेंट. आतां तें गटार उघडून पाहण्याची सोय राहिली नाहीं. शेजारच्या घरीं बांधकाम निघतें. उरलेली रेती आणि विटांचा चुरा रात्रीं गटाराच्या कडेला ओतला जातो. चहावाला चोथा टाकतो, खानावळवाला खरकटें टाकतो, कोणी केराची पिशवी गांठ मारून वरून भिरकावतो. ह्यांतला प्रत्येकजण म्हणतो, माझ्या एका पिशवीनें काय होणार? आणि त्याचें म्हणणें, एकट्यापुरतें पाहिलें तर, खरेंच असतें.

येथें टेकडीचा धडा कामास येतो. वर राहणाऱ्यानें टाकलेला केर वर राहत नाहीं. पहिल्या सरीबरोबर तो उतरतो आणि पायथ्याच्या मोरींत अडकतो. ज्यानें पिशवी टाकली त्याचें घर कोरडें असतें. ज्याच्या घरांत पाणी शिरतें त्यानें ती टाकलेली नसते. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा व्यवहार आहे. आणि पायथ्याशीं राहतो कोण? ज्याला उंचावरची जागा परवडली नाहीं तो. त्याच्या घरांत पीठ, अंथरूण आणि मुलांच्या वह्या जमिनीवरच असतात, कारण दुसरी जागा नसते. तासाभराचें पाणी त्याची महिन्याची कमाई घेऊन जातें, आणि मागें ताप ठेवून जातें. म्हणून गटारांत केर टाकणें ही नुसती अस्वच्छता नव्हे. तो आपल्यापेक्षां दुबळ्या शेजाऱ्यावर केलेला अन्याय आहे.

जुन्या लोकांनीं हें ओळखलें होतें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नगराच्या कारभाराचें प्रकरण आहे. रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण आणि चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण दंड त्यांत सांगितला आहे. राजमार्गावर तोच अपराध केल्यास दंड दुप्पट. केर टाकण्यापेक्षां पाणी अडविण्याचा दंड अधिक ठेवला, ह्यांत विचार दिसतो. केरानें डोळ्याला त्रास होतो. तुंबलेल्या पाण्यानें दुसऱ्याच्या घराला.

महाराष्ट्राच्या खेड्यांतहि ह्या विचाराचीं जिवंत उदाहरणें होतीं. धुळें आणि नाशिककडे पांझरा, मोसम ह्या नद्यांवर फड पद्धतीची शेती शेंकडों वर्षें चालत आली. बंधारा सर्वांचा, कालवा सर्वांचा, पाणी देण्यासाठीं गांवानें नेमलेला पाटकरी. आणि कालव्यांतला गाळ काढावयाच्या वेळीं प्रत्येक बागाईतदारानें आपल्या वाट्याचें काम केलेंच पाहिजे. रायगडच्या खारेपाटांत समुद्राचें पाणी अडविणारे मातीचे बांध शेतकरी एकजुटीनें राखीत. भरतीच्या रात्रीं बांध फुटला तर 'हा तुकडा कोणाचा' असें विचारीत बसण्यास सवड नसे. टोपली-फावडें घेऊन सारा गांव धांवे, कारण खारें पाणी एकदां आंत आलें कीं एकाचेंच शेत बुडवून थांबत नाहीं.

परदेशांतहि हेंच. हॉलंड देशाचा पुष्कळ भाग समुद्राच्या पातळीखालीं आहे. तेथें तेराव्या शतकापासून पाण्याचीं मंडळें आहेत आणि तीं आजतागायत चालू आहेत. शेताच्या कडेचा चर ज्याच्या जमिनीला लागून असेल त्यानें तो साफ करावयाचा, आणि मंडळाच्या माणसांनीं ठरलेल्या दिवशीं येऊन पाहणी करावयाची, असा रिवाज आहे. चर साफ नसेल तर दंड. उत्तर समुद्राच्या कांठीं जुन्या काळीं ह्याहून कडक नियम होता. बांधाचा आपला भाग राखण्यास जो असमर्थ ठरे, त्यानें आपलें फावडें बांधांत रोवून जमीन सोडून जावयाचें. जो तें फावडें उपटील त्याला जमीनहि मिळे आणि बांध राखण्याचें कर्तव्यहि. जमीन आणि पाण्याची राखण ह्या दोन गोष्टी वेगळ्या करतां येत नाहींत, हें तत्त्व त्या लोकांनीं फावड्याच्या एका खुणेंत सांठविलें.

मुंबईंत राहणारा बहुसंख्य मराठी माणूस कोंकणांतून किंवा घाटावरून आलेला आहे. गांवीं रोहिणी नक्षत्र लागलें कीं तो घर शाकारतो, शेताचे बांध नीट करतो, पाण्याला वाट करून देतो. त्याला कोणी नोटीस पाठवीत नाहीं. तोच माणूस शहरांत आला कीं दारापुढच्या गटाराला हात लावीत नाहीं, आणि दुसऱ्यानें लावलेला पाहिला तर त्याला हंसतो. ह्याचें कारण आळस नव्हे. गांवचें शेत त्याचें असतें. शहरांतली जागा त्याला आपली वाटत नाहीं. पण आपलेपणा सातबाराच्या उताऱ्यानेंच येतो असें नाहीं. ज्या गल्लींत मुलें वाढलीं ती गल्ली परकी कशी?

गाडगे महाराज गांवोगांव हिंडत. गांवांत शिरल्यावर ते आधीं हातांतल्या खराट्यानें रस्ता आणि गटार झाडूं लागत. कीर्तन रात्रीं होई. झाडण्यासाठीं त्यांना कोणी पगार देत नव्हतें आणि तें गटार त्यांचें नव्हतें. तें पाहून गांवकऱ्यांना लाज वाटे आणि तेहि खराटे घेऊन येत. पण महाराजांच्या खराट्याचा अर्थ गांवच्या कारभाऱ्यांनीं स्वस्थ बसावें असा कोणी लावला नाहीं.

ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण ह्या प्रश्नांत दोन्ही बाजूंना एकेक पळवाट आहे. नागरिक म्हणतो, 'आम्ही कर भरतों, आमचें काम संपलें.' अधिकारी म्हणतो, 'लोकच केर टाकतात, आम्ही काय करणार?' दोघांच्या बोलण्यांत अर्धें सत्य आहे, आणि तें अर्धें सत्य दोघेहि दुसऱ्याच्या अंगावर फेंकण्यासाठींच वापरतात. कर दिल्यानें गटारांत केर टाकण्याचा हक्क मिळत नाहीं. आणि लोक केर टाकतात म्हणून तो उपसण्याचें कर्तव्य सुटत नाहीं. २०१५ सालीं मुंबईंत नालेसफाईच्या हिशेबांत मोठा गैरव्यवहार उघडकीस आला. न उपसलेला गाळ कागदावर उपसला गेला होता, न धांवलेल्या गाड्यांच्या फेऱ्या लिहिल्या गेल्या होत्या. ज्या वस्तीचा नाला उपसल्याचें कागदावर लिहिलें जातें, त्या वस्तींतल्या कोणीहि त्या दिवसांत नाल्याकडे डोळे उघडून पाहिलें, तर असा कागद फार काळ टिकूं शकत नाहीं. जेथें पाहणारा नाहीं तेथें लिहिणाऱ्याला भीति नाहीं.

तेव्हां नागरिकाच्या वाट्याला कोणतें काम येतें? त्यानें बंद गटारांत उतरावें असें मुळींच नाहीं. आंत विषारी वायु असतो. कसलेल्या कामगारांचेहि त्यानें प्राण घेतले आहेत, आणि माणसाला संरक्षणाच्या साधनांवांचून मलवाहिनींत उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. पाणी लवकर ओसरावें म्हणून रस्त्यावरचें झांकण परस्पर उघडणें तर त्याहून घातक. २९ ऑगस्ट २०१७ रोजीं अशाच मुसळधार पावसांत प्रभादेवीच्या बाजूला पाण्याखालच्या उघड्या तोंडांत पडून शहरांतल्या एका नामवंत डॉक्टरांचा अंत झाला. एका गल्लीचें पाणी उतरविण्यासाठीं केलेला तो खटाटोप एका घराचा आधार घेऊन गेला.

नागरिकाचीं कामें तीन आणि तिन्ही साधीं. पहिलें, पाण्याची वाट आपण अडवूं नये : गटारांत केर टाकूं नये, राडारोडा ओतूं नये, आणि ओटा बांधलाच असेल तर गटारावरची लादी उचलतां येईल अशी ठेवावी. दुसरें, पाहावें : फाल्गुनांत एकदां आणि वैशाखांत एकदां गल्लींतल्या चार जाणत्या माणसांनीं टेकडीपासून मोरीपर्यंत चालत जावें, गाळ किती आहे, झांकण कोठें फुटलें आहे, मोरीचें तोंड मोकळें आहे कीं नाहीं हें लिहून काढावें. तिसरें, विचारावें : तें टिपण वॉर्डाच्या कचेरींत देऊन पोंच घ्यावी, जागा दुसऱ्या खात्याची असेल तर त्या खात्यालाहि त्याची प्रत द्यावी, आणि उपसलेला गाळ कडेला न ठेवतां उचलून नेईपर्यंत पाठ सोडूं नये. कडेला ठेवलेला गाळ पहिल्या पावसांत पुन्हां घरीं, म्हणजे गटारांत, जातो.

हें कल्पनेंतलें नाहीं. गेल्या शतकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी गल्लींतल्या रहिवाशांनीं पालिकेशीं हात मिळवून आपली गल्ली स्वच्छ केली, आणि तो प्रयोग पुढें शहरांत ठिकठिकाणीं गेला. झोपडपट्ट्यांसाठीं पालिकेनें दत्तक वस्ती योजना काढली. वस्तींतल्याच संस्थांनीं केर गोळा करावा, गल्लीबोळांतलीं लहान गटारें साफ ठेवावीं आणि पालिकेनें त्याचा खर्च सोसावा, अशी तिची मांडणी. जेथें संस्था जागी राहिली तेथें काम झालें. जेथें ती नांवापुरती राहिली तेथें कामहि नांवापुरतें झालें. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यानें २०१८ सालीं बंदी घातली, तिचेंहि तसेंच. कायदा दरवाज्यापर्यंत येऊन पोंचवितो. उंबरा माणसानेंच ओलांडावयाचा असतो.

दारापुढचें गटार बांधण्याचें, दुरुस्त करण्याचें आणि उपसण्याचें काम पालिकेचें, आणि जेथें जमीन दुसऱ्याची तेथें त्या धन्याचें. तें त्यांच्याकडून करवून घेण्याचें आणि झालेलें काम बिघडूं न देण्याचें काम त्या दाराच्या धन्याचें. दोहोंपैकीं एक थांबलें कीं दुसरें फुकट जातें. येत्या वैशाखांत, माळ्यावरची छत्री काढण्याच्या आधीं, गृहस्थानें दाराबाहेर दोन पावलें जाऊन गटारावरची लादी उचलून पाहावी. खालीं पाणी वाहत असेल तर ठीकच आहे. गाळ असेल, तर पाऊस येण्याला अजून महिना आहे. तेवढा वेळ एक अर्ज लिहिण्यास आणि शेजाऱ्याला हांक मारण्यास पुरेसा आहे.